थंडीने ज्यांना वाट दाखविली : डॉ. विल्फ्रेड बिगेलो

आपल्या कुटुंबात अथवा परिचयाच्या घरात हृदयाच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आलेला आपण कधीतरी पाहिला असेल. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांच्या मनात अशा वेळी एकच प्रश्न असतो : हृदय नीट होईल ना? परंतु बंद दाराच्या आत रुग्णाभोवती उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या मनात त्याच वेळी आणखी एक प्रश्न असतो, आणि तो पहिल्याहून लहान नसतो. मेंदू सुखरूप राहील ना? हृदय दुरुस्त झाले, परंतु त्या मनुष्याला स्वतःच्या लेकराचे नाव आठवेनासे झाले, तर त्या दुरुस्तीचे मोल ते काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर ज्यांनी शोधले, त्या कॅनडाच्या एका शल्यविशारदाची ओळख आज आपण करून घेणार आहोत. त्यांचे नाव डॉ. विल्फ्रेड गॉर्डन बिगेलो. त्यांचे उत्तर ऐकायला अगदी साधे होते. देह थंड करा, म्हणजे मेंदूची भूक कमी होईल. परंतु या एका वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना किती वर्षे खर्ची घालावी लागली, किती वेळा चुकावे लागले आणि अखेरीस आपल्याच शोधाच्या मर्यादा कशा मान्य कराव्या लागल्या, हे जाणून घेण्यासारखे आहे.

चार मिनिटांची भिंत

प्रथम अडचण काय होती ते पाहू. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. तरीही शरीर विश्रांती घेत असताना जेवढा प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. शिवाय तो काही शिल्लक टाकीत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती असते. आज मिळाले तर आज खाल्ले. रक्ताचा प्रवाह थांबला की काही सेकंदांतच शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटे उलटली की मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते.

आता हृदयाचा विचार करा. हृदयाच्या आतील पडद्याला छिद्र असेल, तर ते शिवण्यासाठी हृदय उघडावे लागते. ते उघडायचे तर त्यात येणारे रक्त थांबवावे लागते. रक्त थांबविले की मेंदूचे घड्याळ चालू होते. चार मिनिटांत छाती उघडून, हृदय कापून, छिद्र शोधून, ते शिवून पुन्हा रक्त सोडणे कुणाला शक्य होते? म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयाचा अंतर्भाग हे शल्यविशारदांना बंद असलेले घर होते. काही धाडसी डॉक्टर धडधडत्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप चाचपडत मोकळी करीत. परंतु डोळ्यांनी पाहून आत काम करणे कुणालाच साधलेले नव्हते. हृदयात दोष घेऊन जन्मलेली बालके आईबापांच्या डोळ्यांदेखत खंगत जात, आणि डॉक्टर सांत्वनापलीकडे त्यांना फारसे काही देऊ शकत नसत.

गोठलेली बोटे

विल्फ्रेड बिगेलो यांचा जन्म १८ जून १९१३ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील ब्रँडन या गावी झाला. तेथील हिवाळा किती कडक असतो याची आपल्याकडील लोकांना कल्पना येणे कठीण आहे. महिनोन्महिने जमीन बर्फाखाली असते. त्यांचे वडील शल्यविशारद होते, आणि ब्रँडन येथे त्यांनी स्थापिलेले खाजगी चिकित्सालय त्या देशातील अशा प्रकारच्या पहिल्या संस्थांपैकी एक मानले जाते. आई परिचारिका होती. त्यामुळे रुग्णसेवा हा त्या घराचा नित्याचा विषय होता. विल्फ्रेड यांनी टोरंटो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९३८ साली ते डॉक्टर झाले.

पुढे टोरंटो जनरल रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेत असताना, १९४१ साली, उत्तर ऑन्टारिओमधील एक तरुण त्यांच्याकडे आणण्यात आला. थंडीने त्याची बोटे गोठून मृत झाली होती. ती कापून टाकण्यावाचून इलाज उरला नव्हता, आणि ते काम तरुण बिगेलो यांच्या वाट्याला आले. काम उरकल्यावर दुसरा एखादा डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळला असता. बिगेलो मात्र ग्रंथालयाकडे वळले. थंडी शरीरातील पेशींचे नेमके काय करते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांना आढळले की ज्या देशात लोक दरवर्षी थंडीने हातपाय गमावतात, तेथेही या विषयावर फारच थोडे ज्ञान उपलब्ध आहे. हिमदंशावर त्यांनी स्वतःच एक निबंध लिहिला आणि तो १९४२ साली प्रसिद्ध झाला. एका अनोळखी तरुणाची गमावलेली बोटे त्यांच्या आयुष्याला असे वळण देऊन गेली.

१९४१ सालीच त्यांचा विवाह मार्गारेट रूथ जेनिंग्ज यांच्याशी झाला. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कॅनडाच्या सैन्याच्या वैद्यकीय विभागात राहून युरोपात जखमी सैनिकांवर उपचार केले. युद्ध संपल्यावर अधिक शिक्षणासाठी ते अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले. तेथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक हे ‘निळ्या बालकां’वर शस्त्रक्रिया करीत असत. जन्मजात हृदयदोषामुळे पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने ज्यांचे ओठ आणि नखे निळी पडत, अशी ही बालके होती. ब्लॅलॉक यांची शस्त्रक्रिया हृदयाच्या बाहेरील रक्तवाहिन्या जोडून बालकाला दिलासा देई. आतला दोष तसाच राही. तो दृष्टीआड असलेला दोष बिगेलो यांना अस्वस्थ करू लागला.

अशा मनःस्थितीत एके रात्री त्यांना जाग आली ती एका कल्पनेसह. मेंदूला अधिक रक्त कसे पुरवावे याचा विचार सर्व जण करीत होते. परंतु मेंदूची गरजच कमी केली तर? संपूर्ण देह थंड केला तर सर्व अवयवांना प्राणवायू कमी लागेल, रक्तप्रवाह काही काळ थांबविता येईल, आणि तेवढ्या अवधीत हृदय उघडून आतले काम करता येईल. गोठलेल्या बोटांवरचे अध्ययन आणि निळ्या बालकांचे दुःख या दोन गोष्टी त्या रात्री त्यांच्या मनात एकत्र आल्या.

कापऱ्याचे कोडे

१९४७ साली ते टोरंटोला परतले आणि बँटिंग इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत त्यांनी प्रयोग सुरू केले. डब्ल्यू. के. लिंडसे आणि डब्ल्यू. एफ. ग्रीनवुड हे डॉक्टर त्यांचे सहकारी होते. आरंभीच एक मोठा अडथळा समोर आला. थंड केलेल्या प्राण्याला प्राणवायू कमी नव्हे, उलट जास्त लागतो, अशी त्या काळी समजूत होती. ही समजूत खरी असती तर बिगेलो यांची कल्पना तेथेच संपली असती.

वाचकहो, आपण स्वतःचा अनुभव आठवून पाहा. थंडीच्या दिवसांत अंगावर पांघरूण नसेल तर आपण कुडकुडतो. दात वाजतात, स्नायू थरथरतात. ही थरथर म्हणजे शरीराने ऊब निर्माण करण्यासाठी चालविलेले कष्ट होत, आणि कष्ट म्हटले की प्राणवायूचा खर्च आलाच. बिगेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले की प्राणवायूची वाढलेली मागणी ही थंडीची नसून कापऱ्याची आहे. योग्य भूल देऊन कापरे थांबविले, तेव्हा चित्र पालटले. देहाचे तापमान जसजसे उतरत गेले, तसतशी प्राणवायूची गरजही पायरीपायरीने उतरत गेली. सर्व कार्याचा पाया येथे घातला गेला.

पुढील अभ्यासांनी मेंदूच्या बाबतीत या उताराचे माप दिले आहे. तापमान १ अंश सेल्सियसने उतरले की मेंदूचा प्राणवायूचा खर्च साधारणपणे ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. ३७ अंशांवरून २८ अंशांपर्यंत उतरल्यास तो जवळजवळ निम्मा होतो. जी मुदत ३७ अंशांवर सुमारे पाच मिनिटांची असते, ती ३० अंशांवर सुमारे नऊ मिनिटांची, २० अंशांवर सुमारे वीस मिनिटांची आणि १५ अंशांवर सुमारे अर्ध्या तासाची होते. याखेरीज थंडी आणखीही एक उपकार करते. रक्त न मिळाल्याने संकटात सापडलेल्या मेंदूपेशी काही रासायनिक द्रव्ये भरमसाट बाहेर टाकतात आणि ती द्रव्ये शेजारच्या पेशींचाही घात करतात. तापमान थोडे जरी उतरलेले असले, तरी हा घातक स्राव पुष्कळ कमी होतो.

एप्रिल १९५० मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या शल्यविशारदांच्या परिषदेत बिगेलो यांनी आपले निष्कर्ष मांडले. भूल दिलेल्या कुत्र्यांना सुमारे २० अंशांपर्यंत थंड करून त्यांच्या हृदयाकडे जाणारे रक्त १५ मिनिटे थांबविण्यात आले होते. निम्म्याहून अधिक प्राणी वाचू शकले नाहीत. परंतु जे वाचले, त्यांनी सिद्ध केले की चार मिनिटांची भिंत ओलांडता येते. बिगेलो यांनी अपयशी ठरलेले प्रयोग झाकून ठेवले नाहीत, ही त्यांची थोरवी होय. फार खाली उतरलेल्या तापमानात हृदयाची लय बिघडून ते निरर्थक थरथरू लागते, हा धोका त्यांनी स्पष्टपणे पुढे ठेवला. त्यामुळे इतरांना कोठे थांबावे हे कळले.

पाच वर्षांची बालिका

विशेष म्हणजे या पद्धतीचा मनुष्यावरील पहिला यशस्वी प्रयोग बिगेलो यांच्या हातून झाला नाही. बिगेलो यांच्या संशोधनापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. एफ. जॉन लुईस यांनी आपले प्रयोग चालविले होते. २ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांच्यासमोर पाच वर्षांची एक बालिका होती. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. तिला भूल देऊन, थंड द्रव फिरविणाऱ्या पांघरुणात गुंडाळून तिचे तापमान सुमारे २८ अंशांपर्यंत उतरविण्यात आले. मग हृदयाकडे येणारे रक्त थांबवून हृदय उघडण्यात आले आणि छिद्र शिवण्यात आले. एकूण साडेपाच मिनिटे लागली. नंतर बालिकेला ऊब देण्यात आली. हृदय चालू लागले, ती शुद्धीवर आली आणि काही दिवसांनी आपल्या घरी गेली. डोळ्यांनी पाहून उघड्या हृदयात केलेली जगातील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होय.

नेहमीच्या तापमानात ती साडेपाच मिनिटे मेंदूला बहुधा सोसली नसती. बिगेलो यांनी प्रयोगशाळेत जी काही अधिक मिनिटे कमावून ठेवली होती, त्यांवर एका बालिकेचे आयुष्य उभे राहिले. पहिलेपणाचा मान दुसऱ्याला गेल्याचे शल्य बिगेलो यांना वाटले असेल वा नसेल. परंतु त्यांनी आपले काम थांबविले नाही. थंडीच्या साहाय्याने त्यांनीही टोरंटोत रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि नव्या पिढीला त्या शिकविल्या.

थांबलेले हृदय आणि एक टोचणी

थंडीच्या याच प्रयोगांतून आणखी एक देणगी जगाला मिळाली. १९४९ सालची गोष्ट. एका प्रयोगात थंड केलेल्या कुत्र्याचे हृदय अकस्मात थांबले. मालिश करूनही ते चालेना. तेव्हा बिगेलो यांनी हातातील सळईने हृदयाला हलकेच टोचले. हृदय एकदा आकुंचन पावले. पुन्हा टोचले, पुन्हा एक ठोका पडला. ठरावीक अंतराने टोचत राहिल्यावर हृदय नियमित चालू लागले आणि रक्तदाबही दिसू लागला. जे सळईच्या टोकाने होते, ते विजेच्या सौम्य झटक्याने का होऊ नये, असा विचार पुढे आला. डॉ. जॉन कॅलाहन आणि ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन मंडळातील विद्युत अभियंते जॉन हॉप्स यांच्या सहकार्याने १९५० साली शरीराबाहेरून हृदयाला स्पंदने देणारे यंत्र तयार झाले. आज ज्याला आपण पेसमेकर म्हणतो, त्याच्या आद्य रूपांपैकी ते एक होय. पुढे १९८४ साली हॉप्स यांच्याच हृदयाला पेसमेकर बसवावा लागला. स्वतः पेरलेल्या झाडाची सावली त्यांना अशी लाभली.

दहा वर्षांचा व्यर्थ शोध

आता बिगेलो यांच्या जीवनातील एका अपयशाकडे वळू या; कारण अपयश गाळून लिहिलेले चरित्र अपुरे असते. ग्राउंडहॉग हा उत्तर अमेरिकेतील खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. हिवाळ्यात तो महिनोन्महिने शीतनिद्रा घेतो. त्या काळात त्याचे शरीर गोठणबिंदूच्या किंचित वर इतके थंड होते. हृदय मंद होते, श्वास विरळ होतो; तरी वसंत ऋतू येताच तो कोणतीही इजा न होता जागा होतो. अशा थंडीत मनुष्याचे हृदय बंद पडेल. मग या प्राण्याजवळ असे काय आहे, जे आपल्याजवळ नाही? त्याच्या शरीरात एखादे संरक्षक द्रव्य असेल, ते वेगळे काढता आले तर मनुष्यालाही अधिक खोल थंडीत निर्धास्तपणे नेता येईल, अशी बिगेलो यांची धारणा झाली.

त्यांनी टोरंटोबाहेर ग्राउंडहॉग पाळले आणि सुमारे दहा वर्षे त्या द्रव्याचा पाठलाग केला. त्याला हायबर्निन असे नावही देऊन ठेवले. अखेर एक द्रव्य हाती लागले आणि ते परिणामही दाखवू लागले. आनंद झाला. परंतु कसून रासायनिक तपासणी केल्यावर निष्पन्न झाले की ते द्रव्य प्राण्याचे नव्हतेच. प्रयोगात वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांत मिसळलेले रसायन झिरपून नमुन्यात उतरले होते.

वाचकहो, आयुष्यातील दहा वर्षांचे श्रम एका नळीमुळे व्यर्थ गेले असे कळल्यावर मनुष्याची काय अवस्था होत असेल? बिगेलो यांनी ही फजिती लपविली नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्ड हार्ट्स’ या आपल्या ग्रंथात त्यांनी शीतचिकित्सा आणि पेसमेकर यांची कहाणी सांगितली, तेव्हा या चुकलेल्या वाटेचाही हिशेब दिला. पुढील संशोधकाने त्याच वाटेने जाऊन पुन्हा दहा वर्षे गमावू नयेत, एवढा तरी लाभ त्या अपयशाचा झाला.

थंडीच्या मर्यादा

केवळ थंडीवर विसंबून शस्त्रक्रिया करण्याचा काळ फार टिकला नाही. २८ अंशांवर आठ-दहा मिनिटे मिळत. तेवढ्यात साधे छिद्र शिवता येई, गुंतागुंतीचा दोष नाही. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे या दोहोंचे काम करणारे यंत्र एका १८ वर्षांच्या तरुणीसाठी यशस्वीपणे वापरले. यंत्राने मेंदूला रक्त मिळत राहिल्याने घड्याळाची घाई संपली. मग थंडी निरुपयोगी ठरली काय? तसे झाले नाही. लवकरच यंत्र आणि थंडी यांची जोडी जमली. यंत्रातूनच रक्त थंड करून रुग्णाला २८ ते ३२ अंशांवर ठेवले, तर यंत्र क्षणभर अडखळले तरी मेंदूला वाचविण्यास काही मिनिटे हाताशी राहतात. अर्भकांच्या अतिसूक्ष्म हृदयावर किंवा मेंदूला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या कमानीवर काम करताना तर रुग्णाला २० अंशांच्या आसपास नेऊन रक्ताभिसरण पूर्णपणे थांबविण्याची पद्धत रूढ झाली.

परंतु थंडीने दिलेली मुदत ही उसनी असते. ती अमर्याद नाही. अमेरिकेतील बोस्टन येथे १९८८ सालापासून १७१ अर्भकांचा काळजीपूर्वक अभ्यास करण्यात आला. रक्ताभिसरण पूर्ण थांबवून ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात नंतर झटके येण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि वर्षभराच्या वयात त्यांच्या हालचालींचा विकासही तुलनेने मागे राहिलेला दिसला. यंत्राने थोडा तरी रक्तप्रवाह चालू ठेवलेल्या बालकांची स्थिती त्याहून बरी होती. तेव्हापासून रक्त पूर्णपणे थांबविण्याचा काळ होता होईल तो अल्प ठेवण्याकडे शल्यविशारदांचा कल झाला.

१९९० च्या सुमारास तर प्रवाह उलटा फिरला, आणि तोही बिगेलो यांच्याच टोरंटो शहरात. हृदय उबदार ठेवूनच शस्त्रक्रिया करावी, असे काही डॉक्टरांनी मांडले. १९९४ साली टोरंटोतील १,७३२ रुग्णांच्या अभ्यासात उबदार आणि थंड पद्धतींमध्ये पक्षाघाताच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु त्याच वर्षी अटलांटा येथील १,००१ रुग्णांच्या अभ्यासात उबदार गटात पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ३ टक्के, तर थंड गटात सुमारे १ टक्का आढळले. असा विरोध का यावा? बारकाईने पाहता एक महत्त्वाचा भेद ध्यानात आला. टोरंटोत रुग्णाचे तापमान आपोआप थोडे उतरू दिले जात असे. अटलांटात ते ऊब देऊन ३५ अंशांच्या वर राखले जात असे. मेंदूच्या दृष्टीने हे दोन-तीन अंश क्षुल्लक नव्हते.

यापुढील धडा अधिक मोलाचा आहे. रुग्णाला थंड करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पुन्हा ऊब देताना जपावे लागते. यंत्रातून येणारे ऊन रक्त सर्वांत आधी मेंदूकडे जाते. घाईने ऊब दिली तर हातपाय अजून गार असतानाच मेंदू मात्र ३७ अंशांच्या वर, तापाच्या पातळीला, पोहोचतो. आधीच शिणलेल्या मेंदूला हा ताप घातक ठरतो. ऊब सावकाश दिल्यास शस्त्रक्रियेनंतरच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटते, असे त्यानंतरच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणून २०१५ साली अमेरिकेतील हृदयशल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि यंत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना दिल्या : यंत्रातून रुग्णाकडे जाणारे रक्त ३७ अंशांहून उष्ण असू नये, आणि शेवटच्या टप्प्यात ऊब अगदी संथ गतीने द्यावी.

थंडी हे सर्व संकटांवरील औषध नव्हे, हेही आपल्या देशाने अनुभवले आहे. जन्मताना गुदमरलेल्या अर्भकांना तीन दिवस सुमारे ३३.५ अंशांवर ठेवल्यास त्यांच्या मेंदूची हानी कमी होते, असे श्रीमंत देशांतील अभ्यासांत दिसले होते. परंतु भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा लाभ आढळला नाही. उलट थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. एका ठिकाणी तारणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहावीच लागते. बिगेलो यांनी आयुष्यभर पाळलेला नियमही हाच होता.

अखेरची वर्षे

बिगेलो यांनी टोरंटो जनरल रुग्णालयातील हृदय व रक्तवाहिनी शल्यविभागाची धुरा १९५० च्या दशकापासून १९७७ सालापर्यंत वाहिली. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर पुढे अनेक रुग्णालयांत विभागप्रमुख झाले. १९५९ साली त्यांना गेर्डनर पारितोषिक मिळाले आणि १९८१ साली कॅनडाच्या शासनाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान दिला. निसर्गाची त्यांना मनापासून ओढ होती, आणि निवृत्तीनंतर निसर्गसंवर्धनाच्या कार्यालाही त्यांनी वेळ दिला. ज्याला हिवाळ्याने पहिला धडा दिला, त्याला निसर्गाचा विसर पडणे शक्यच नव्हते. २७ मार्च २००५ रोजी, त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, वयाच्या ९१ व्या वर्षी टोरंटो येथे त्यांचे देहावसान झाले.

प्रिय वाचकहो, आपल्या घरातील कुणाची हृदयशस्त्रक्रिया ठरली, तर या चरित्रातील काही गोष्टी ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे अंग गार लागले तर लगेच घाबरून जाऊ नका. तेथील परिचारिकेला विचारा, ती समजावून सांगेल. पहिल्या काही दिवसांत वडीलधाऱ्यांना नावे आठवेनाशी झाली, दिवस-रात्रीचा गोंधळ झाला, तर त्यांच्यावर रागावू नका आणि ती गोष्ट लपवूनही ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा ही अवस्था हळूहळू निवळते. मात्र हात वा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नका. तसेच शस्त्रक्रियेनंतर ताप चढला तर तो किरकोळ समजू नका.

आणि बंद दाराबाहेर बाकावर बसलेले असताना एवढे आठवा. आत कुणीतरी एका छोट्या पडद्यावरील आकड्याकडे डोळे लावून उभे आहे. तो आकडा रुग्णाच्या तापमानाचा आहे. तो किती खाली न्यावा, किती वेळ तेथे ठेवावा आणि किती संथपणे वर आणावा, हे ज्ञान सहजासहजी आलेले नाही. एका तरुणाची गोठलेली बोटे, एका डॉक्टरची मोडलेली झोप, वाया गेलेली दहा वर्षे आणि प्रयोगांत प्राण गमावलेले कितीतरी मुके जीव, एवढे सारे त्या एका आकड्यामागे उभे आहे.